गॉथांचे हसकार्ल आणि ब्रिटनचे धनुर्धर : एका हरलेल्या सामन्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

'एज ऑफ एम्पायर्स २ : डेफिनिटिव्ह एडिशन' या संगणकावरच्या युद्धखेळातला एकास एक सामना. नकाशा अरेबिया, लोकसंख्येची मर्यादा २००. दोन्ही खेळाडू साधारण १,२०० रेटिंगचे. म्हणजे सुरुवातीची बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचे याचा क्रम) तोंडपाठ, व्हिलेजर, म्हणजे कामकरी, रिकामे बसत नाहीत, पण समोरच्याच्या योजनेचा वास जरा उशिराच येतो. नावांऐवजी त्यांना रंगानेच ओळखू. निळ्याकडे ब्रिटन, तांबड्याकडे गॉथ. पुढचे सगळे आकडे २०२३ मधल्या आवृत्तीचे आहेत. त्यानंतरच्या अपडेटांनी पायदळाचे काही खर्च आणि बळ बदलले, तेव्हा आपल्या आवृत्तीतले आकडे टेक ट्रीमध्ये, म्हणजे खेळातल्या युनिट-अपग्रेडच्या तक्त्यात, एकदा पडताळून घ्यावेत.

खेळ डार्क, फ्यूडल, कॅसल आणि इम्पीरियल अशा चार युगांतून, म्हणजे 'एज'मधून, पुढे सरकतो. ब्रिटन ही धनुर्धरांची सिव्हिलायझेशन. पायी आर्चरना कॅसल एजमध्ये एक आणि इम्पीरियलमध्ये आणखी एक रेंज फुकट मिळते. कॅसल एजपासून टाऊन सेंटरला, म्हणजे व्हिलेजर निघतात त्या मुख्य इमारतीला, निम्मेच लाकूड लागते. गॉथांचे सगळे पायदळावर. इम्पीरियलमध्ये पायदळ ३५ टक्के स्वस्त, लोकसंख्येला १० ची जादा मुभा, आणि त्यांचे खास युनिट म्हणजे हसकार्ल. गॉथांची लंगडी बाजूही मोठी आहे. दगडी भिंत त्यांना बांधताच येत नाही, पायदळाचे शेवटचे चिलखत, म्हणजे प्लेट मेल, त्यांच्याकडे नाही आणि पहिली वीस मिनिटे त्यांची सेना चारचौघांसारखीच असते.

इतिहासाच्या अंगाने पाहिले तर हे युनिट चुकीच्या घरात नांदते आहे. गॉथांनी रोम लुटले ते ४१० मध्ये. हसकार्ल हे अकराव्या शतकातल्या डॅनिश आणि इंग्लिश राजांचे खासे सैनिक, १०६६ मध्ये हेस्टिंग्जला इंग्लंडच्या राजा हॅरॉल्डभोवती लढून पडलेले. ढाली धरून नॉर्मन बाण झेलणारे हे लोक खेळात बाणांचे काळ ठरले, एवढे साम्य मात्र बरोबर जुळले.

अडचण नेमकी काय

एलिट, म्हणजे सुधारित, हसकार्लला ७० एचपी (जीवबळ), १२ अटॅक, मेली आर्मर (हातघाईच्या घावांविरुद्धचे चिलखत) शून्य आणि पिअर्स आर्मर (बाणांविरुद्धचे) ८. घावाच्या अटॅकमधून समोरच्याचे आर्मर वजा होते. गॉथांना मिळणारी चिलखताची दोन अपग्रेड धरली तर मेली २, पिअर्स १०. आर्चरविरुद्ध त्याला १० चा बोनस आहे. इम्पीरियलमध्ये एकाची किंमत ५२ अन्न आणि २६ सोने.

आता निळ्याचा आर्बलेस्टर, म्हणजे आर्चरचा शेवटचा टप्पा, घ्या. मूळ अटॅक ६, लोहाराकडची तीन अपग्रेड आणि केमिस्ट्री हे तंत्र धरून १०. समोर पिअर्स आर्मर १०. वजाबाकी शून्य, पण खेळ किमान १ नुकसान देतोच. म्हणजे एका हसकार्लला ७० बाण. ब्रिटनचा एलिट लाँगबोमन आणला तरी ११ वजा १०, उत्तर तेच. त्यामुळे 'आर्बलेस्टर नको, लाँगबो काढ' हा सल्ला इथे अगदी कुचकामी आहे. लाँगबोची रेंज जास्त, पण बाणाचा घाव तेवढाच.

रेंजने काय साधते तेही मोजू. पूर्ण अपग्रेड झालेल्या ब्रिटन आर्बलेस्टरची रेंज १० टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोन. स्क्वायर्स (पायदळाचा वेग वाढवणारे तंत्र) घेतलेला हसकार्ल सेकंदाला सुमारे १.१५ टाइल चालतो. अंगावर यायला त्याला साडेआठ-नऊ सेकंद लागतात. ब्रिटनला थंब रिंग, म्हणजे बाण सोडण्याचा वेग वाढवणारे तंत्र, नाही; बाण दोन सेकंदांना एक. तेवढ्या वेळात चार, फार तर पाच फैरी होतात. ४२ आर्बलेस्टरच्या पाच फैरी, एकही बाण वाया गेला नाही असे धरले तरी, २१० नुकसान. म्हणजे तीन हसकार्ल. उरलेले अंगावर येतात आणि प्रत्येक आर्चर दोन घावांत पडतो : १६ अधिक बोनस १०, वजा आर्चरचे चिलखत ३, म्हणजे २३, आर्चरला ४० एचपी.

मागे पळत पळत बाण मारण्याचा मायक्रो (युनिट हाताने बारकाईने हलवणे) इतर पायदळावर चालतो, इथे नाही. त्यात हसकार्ल दमतो, पण मरत नाही.

घटनाक्रम

फ्यूडलमध्ये निळा पुढे होता. १४व्या मिनिटाला त्याचे १० आर्चर तांबड्याच्या लाकूडतोडीवर पोहोचले आणि चार व्हिलेजर गेले. तांबड्याने स्कर्मिशर, म्हणजे आर्चरविरुद्धचे भालाफेके, काढून कसेबसे थोपवले. १८व्या मिनिटाला निळा कॅसल एजमध्ये आला, तांबडा २०व्याला. मधल्या दोन मिनिटांत निळ्याकडे १४ क्रॉसबो (आर्बलेस्टरच्या आधीचा टप्पा) होते आणि समोर एलिट न झालेले स्कर्मिशर, अर्धवट पॅलिसेड, म्हणजे लाकडी कुंपण. निळा मागे फिरला. त्याने दोन जादा टाऊन सेंटर टाकले. ब्रिटनला ती स्वस्त पडतात, मोह होणारच.

२२व्या मिनिटाला निळ्याचा स्काउट तांबड्याच्या तळाला वळसा घालून गेला. स्क्रीनवर जेमतेम तीन सेकंद दिसले : दगडाच्या खाणीवर सात व्हिलेजर, शेजारी मायनिंग कॅम्प. सामन्यानंतर निळा आणि त्याचा एक जोडीदार मिळून रेकॉर्डिंग पाहत असताना इथे जोडीदार ओरडला, "अरे, तो दगड खणतोय, बघ ना!" सामन्यात मात्र निळ्याची नजर तेव्हा शेतांवर होती.

गॉथ दगड खणतो याला फार अर्थ नसतात. दगडी भिंत त्याच्या नशिबात नाही. उरतात टॉवर, टाऊन सेंटर आणि कॅसल. कॅसलला ६५० दगड लागतो. सुरुवातीचा २०० हातात असेल तर ४५० खणायचा. सात जण ते काम साडेतीन मिनिटांत उरकतात. तीन सेकंदांच्या त्या दृश्यातून पुढच्या पाच मिनिटांचा अंदाज बांधता आला असता.

२६व्या मिनिटाला कॅसल उभा राहिला, लगेच त्यात अ‍ॅनार्की सुरू झाले. या तंत्राने हसकार्ल साध्या बॅरेक्समधून, म्हणजे पायदळाच्या इमारतीतून, निघू लागतात. २८व्या मिनिटाला पहिले सहा हसकार्ल निळ्याच्या २२ क्रॉसबोंवर आले. साधा हसकार्ल ६० एचपीचा आणि क्रॉसबोचा बाण त्यालाही १ च लागत होता. निळ्याने नऊ क्रॉसबो गमावले, उरलेले टाऊन सेंटरखाली आणले आणि टाऊन सेंटरच्या बाणांच्या मदतीने ते सहा कसेबसे संपवले.

सहाच होते, मेले. ही चकमक निळ्याने जिंकल्यात जमा केली. ३२व्या मिनिटाला इम्पीरियल गाठून त्याने आर्बलेस्टर, ब्रेसर (लोहाराकडचे आर्चरचे शेवटचे अपग्रेड) आणि केमिस्ट्री अशी तिन्ही अपग्रेड लावली. मिळून ९५० अन्न आणि ७०० सोने, आणि समोरच्या मुख्य युनिटला लागणारा घाव पुन्हा १ चाच.

तांबडा ३४व्या मिनिटाला इम्पीरियलमध्ये आला. ३७व्यापर्यंत त्याच्याकडे एलिट हसकार्ल होते आणि परफ्यूजनही, ज्याने बॅरेक्सचा वेग दुप्पट होतो. पाच बॅरेक्समधून लोंढा सुटला. ३८व्या मिनिटाला २५ हसकार्ल निळ्याच्या ४२ आर्बलेस्टरवर पडले. रेकॉर्डिंगमध्ये चकमक १९ सेकंदांत संपते. हसकार्ल पडले चार. चॅटमध्ये तांबड्याने '११' टाकले, म्हणजे हसण्याचा आवाज वाजवला. हा खेळ खेळणाऱ्यांना ते हसू वेगळे सांगायला नको.

तेव्हा समोर असलेले पर्याय

३८व्या मिनिटाला निळ्याकडे ९१ व्हिलेजर, एक कॅसल, १,४०० अन्न आणि ९०० सोने होते. खेळ संपलेला नव्हता.

घोडदळ हा पहिला विचार. ब्रिटनचा कॅव्हेलियर, म्हणजे जड घोडेस्वार, पूर्ण चिलखतात हसकार्लला पाच घावांत पाडतो आणि स्वतः अकरा घाव सोसतो. एकास एक लढतीत प्रश्नच नाही. पण एकाला ७५ सोने पडते, ब्रिटनकडे ब्लडलाइन्स (घोडदळाचे एचपी वाढवणारे तंत्र) नाही, पॅलाडिन (कॅव्हेलियरच्या पुढचा टप्पा) नाही आणि गॉथांचा हाल्बर्डियर, म्हणजे घोडदळ मारणारा भालाईत, २३ अन्न आणि १६ लाकडांत निघतो. त्याच बॅरेक्समधून, त्याच वेगाने. हल्ला परतवायला दहा-बारा कॅव्हेलियर ठीक, मुख्य सेना म्हणून नाही.

हँड कॅनोनियर, म्हणजे बंदूकवाले, हे हसकार्लवरचे हमखास औषध. १७ अटॅक, वर पायदळाविरुद्ध १० बोनस. हसकार्ल पाच गोळ्यांत आडवा. ब्रिटनला ते मिळत नाहीत, तेव्हा पुढे बोलण्यात अर्थ नाही.

ऑनेजर, म्हणजे दगड फेकणारे यंत्र. दगडाचा घाव मेलीत मोजला जातो आणि हसकार्लची सगळी मदार पिअर्सवर. ५० अटॅक वजा २, दोन दगडांत घोळकाच्या घोळका साफ. अडचणी दोन. तीन टाइलच्या आत ऑनेजर मारू शकत नाही आणि हसकार्ल त्या आत शिरतोच, म्हणून पुढे भिंत किंवा घरांची रांग हवी. दुसरे, दगड आपपर ओळखत नाही. आपले तलवारवाले भिडलेले असताना ऑनेजर मोकळा सोडला तर तो आधी आपलेच मारतो. त्याला हाताने जमिनीवर नेम देऊन चालवावे लागते आणि ३८व्या मिनिटाच्या धावपळीत बाराशे रेटिंगचा खेळाडू ते करेल, ही अपेक्षा जास्तच आहे.

राहिला चॅम्पियन, म्हणजे तलवारवाल्या पायदळाचा शेवटचा टप्पा, आणि ब्रिटनसाठी खरे उत्तर तेच. १३ अधिक ४, वजा हसकार्लचे मेली आर्मर २ : घाव १५ चा, हसकार्ल पाच घावांत जातो. उलट १६ वजा चॅम्पियनचे ४ : घाव १२ चा, ७० एचपीच्या चॅम्पियनला सहा घाव लागतात. दोघांचा घाव घालण्याचा वेग सारखा. चॅम्पियनची मूळ किंमत ६० अन्न, २० सोने. हसकार्लपेक्षा सोने कमी. एका घावाचा हा फरक घोळक्यात वाढत जातो, कारण आधी पडलेला पुढचे घाव घालत नाही. तीसला तीस उभे केले तर चॅम्पियनच्या बाजूचे दहा-बारा उरावेत.

आणि हाल्बर्डियर चॅम्पियनपुढे काहीच नाहीत. म्हणजे तांबड्याचे स्वस्त उत्तरही बंद.

पण हा हिशेब संपूर्ण अपग्रेडचा आहे. मिलिशियापासून चॅम्पियनपर्यंत चार टप्प्यांना सुमारे १,३०० अन्न आणि साडेपाचशे सोने लागते. लोहाराकडे अटॅकची तीन आणि चिलखताची तीन मिळून आणखी १,२५० अन्न आणि ६०० सोने. बॅरेक्समधले चार टप्पे एकामागून एकच होतात, त्यांतच तीन-चार मिनिटे जातात. पैसे जमले तरी वेळ विकत मिळत नाही.

काय केले आणि काय झाले

निळ्याने चॅम्पियनचा रस्ता धरला. निवड बरोबर होती, अंमलबजावणीत घाई झाली. ३९व्या मिनिटाला मॅन-अ‍ॅट-आर्म्सपासून सुरुवात, दोन नवे बॅरेक्स, कॅसलपुढे दगडी भिंतीचा तुकडा. दरम्यान हसकार्लांची एक टोळी दुसऱ्या टाऊन सेंटरच्या शेतांत घुसली. निळ्याने घंटा वाजवली, पण सगळे व्हिलेजर आत मावले नाहीत. २६ गेले.

४३व्या मिनिटाला त्याच्याकडे २४ टू-हँडेड स्वोर्ड्समन होते. चॅम्पियनचे अपग्रेड अजून अर्धेच झाले होते. लोहाराकडे अटॅक दोन टप्पे, चिलखत दोन टप्पे. तेवढ्यात तांबड्याचे कॅप्ड रॅम, म्हणजे इमारती फोडणारे गाडे, कॅसलला लागले. रॅमच्या पोटात हसकार्ल बसवले होते, त्याने रॅमचा वेग वाढतो आणि रॅम फुटला की आतले बाहेर पडून लढतात. कॅसल वाचवायला निळ्याने ते २४ जण पुढे काढले.

इथेच आकडे उलटतात. टू-हँडेडचा अटॅक १२ अधिक २, वजा २ : १२ चा घाव, हसकार्लला सहा लागतात. हसकार्लचा घाव १६ वजा २, म्हणजे १४. टू-हँडेड पाच घावांत संपतो. चॅम्पियन ज्या एका घावाने जिंकतो, त्याच एका घावाने अर्धवट अपग्रेडचा तलवारवाला हरतो. समोर ३०च्या वर हसकार्ल होते. २४ पैकी एकही परतला नाही. चॅम्पियनचे अपग्रेड ४४व्या मिनिटाला पूर्ण झाले, तेव्हा चॅम्पियन काढायला अन्न उरले नव्हते. कॅसल ४५व्याला पडला. ४९व्या मिनिटाला निळ्याने 'जीजी' लिहून सामना सोडला. लोकसंख्या ६१ विरुद्ध १८८.

निर्णयाच्या जागा

१८ ते २० ही दोन मिनिटे सगळ्यांत मोलाची. गॉथविरुद्ध आर्चरवाल्याला घड्याळ उलटे चालते. दर मिनिटाला आपली सेना जुनी होत जाते. १४ क्रॉसबोंनी सामना संपला नसता, पण लाकूड आणि सोन्यावरचे व्हिलेजर हलते ठेवले असते तर तांबड्याची दगडाची खाण सुरूच झाली नसती. टाऊन सेंटर टाकणे आणि दबाव ठेवणे यांत वैरही नाही. एक टाऊन सेंटर, आणि १४ क्रॉसबो समोरच्याच्या सोन्यावर, इतके जमण्यासारखे होते. तांबड्यानेही नंतर कबूल केले की त्या वेळी त्याच्याजवळ मँगोनेलला (ऑनेजरचा आधीचा टप्पा) लागणारे १३५ सोनेदेखील नव्हते.

दुसरी जागा दगड दिसला ती, किंवा फार तर २८व्या मिनिटाची चकमक. सहा हसकार्लांनी नऊ क्रॉसबो नेले, तेही प्रत्येक बाण लागत असताना. त्या क्षणी आर्चरची संख्या गोठवायला हवी होती. आधीचा बॅरेक्स रिकामाच उभा होता. त्यात मॅन-अ‍ॅट-आर्म्स आणि लाँगस्वोर्ड कॅसल एजमध्येच करून ठेवता येतात, खर्च दहा मिनिटांत पसरतो. १५० लाकडांत दुसरा लोहार उभा केला तर अटॅक आणि चिलखत जोडीने चालतात. एका लोहारात एका वेळी एकच काम होते, हे बरेच जण विसरतात. आर्बलेस्टर, ब्रेसर आणि केमिस्ट्रीत गेलेल्या अन्नात पायदळाच्या चिलखताची तिन्ही अपग्रेड बसून काही उरले असते.

तिसरी जागा कमी बोलली जाते. निळ्याने ४२ आर्चर उघड्यावर उभे केले. त्यातले वीस कॅसलमध्ये भरले असते तर कॅसलचे बाण वाढले असते आणि कॅसलचा बाण पूर्ण अपग्रेडनंतर १५ चा. हसकार्लला ५ लागतो. बाहेर १ देणारा आर्चर आत गेला की त्याच्यामुळे सुटणारा बाण पाचपट काम करतो. रॅमसाठी मात्र बाहेर दहा-पंधरा तलवारवाले किंवा हाल्बर्डियर लागतातच, कारण बाणांनी रॅम मरत नाही. भिंतीला अगदी चिकटलेल्यांवर बाण पडावेत म्हणून मर्डर होल्स आधीच करून ठेवायचे.

शेवटचे, लोंढ्याच्या धाकाबद्दल. पाच बॅरेक्स परफ्यूजननंतर अखंड चालवायचे तर सेकंदाला ३५ च्या आसपास अन्न लागते. एक शेतकरी सेकंदाला साधारण एक तृतीयांश अन्न देतो, म्हणजे शंभरावर शेतकरी हवेत. तांबड्याकडे होते ४५. गॉथांचा लोंढा हे धरणातले साठलेले पाणी आहे, वाहती नदी नाही. रेकॉर्डिंगमध्येही ते दिसते : पहिल्या तीन मिनिटांत ९४ हसकार्ल निघाले, पुढच्या तीन मिनिटांत ४७. तांबड्याचे मुख्य सोने ४४व्या मिनिटाला संपले होते आणि तो बाजारात अन्न विकून सोने घेत होता, तेही दर वेळी पडत्या भावाने. निळ्याला हे ठाऊक असते तर ४३व्या मिनिटाला ते २४ जण बाहेर काढायची गरज नव्हती. कॅसल जाऊ द्यायचा, मागच्या टाऊन सेंटरभोवती घरे आणि भिंत घट्ट करायची आणि एक मिनिट थांबायचे. कॅसलचा दगड परत मिळत नाही हे खरे, पण २४ तलवारवाले अपग्रेड पूर्ण होताच जागेवरच चॅम्पियन झाले असते, त्यांना पुन्हा काढावे लागले नसते.

त्या एका मिनिटाने सामना फिरला असता का, यावर दोघांचे अजून एकमत नाही. तांबड्याच्या मते २६ व्हिलेजर गेल्यावर निळ्याकडे चॅम्पियन सतत काढण्याइतके अन्न येतच नव्हते. रेकॉर्डिंगमधला निळ्याचा अन्नाचा आलेख पाहिला तर त्याच्या म्हणण्यात तथ्य दिसते : ४३व्या मिनिटाला निळ्याच्या ३८ शेतांपैकी १७ ओस पडली होती, आणि ती पुन्हा पेरायला लागणारे लाकूड नव्या बॅरेक्समध्ये गेले होते.